कपाटावरचे दोन डबे

४ जानेवारी

विहीणबाई,

पत्र बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहेत. फोन का नाही केला म्हणाल, तर मला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही आणि उजव्याने हवं तेवढंच येतं. मागच्या खेपेला तुम्ही फोनवर पाऊण तास काय सांगत होतात ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी आपली "हो ना, हो ना" करत होते. माझं अक्षर कोंबडीने माती उकरल्यासारखं आहे, ते गोड मानून घ्या. चौथीनंतर मला धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसवलं, तेव्हापासून हात लिहिण्यापेक्षा लाटण्यालाच जास्त लागला.

तर विषय असा, की कुकीज मिळाल्या! अहो, काय आनंद झाला म्हणून सांगू. त्या दिवशी मी चष्म्याची दांडी बसवून घ्यायला गेले होते. दुकानदार म्हणे बसा, मी बसले, तो जेवायलाच निघून गेला. ते राहू दे. घरी आले तर समोरच्या नर्सबाईंनी डबा हातात दिला. म्हणाल्या, "आजी, तुमचा मुलगा येऊन गेला. इथल्या हॉस्पिटलची लिफ्ट अडकली म्हणून त्याला बोलावलं होतं, डबा ठेवून पळाला." आता मला सांगा, आईसाठी दहा मिनिटं थांबला असता तर काय बिघडलं असतं? लिफ्टमधली माणसं काही कुठे जाणार नव्हती. अडकलेलीच होती.

पण डबा पाहिला आणि राग पळाला. निळा, चौकोनी, त्याला कापडाचं आवरण आणि ते चारी बाजूंनी शिवून बंद केलेलं. मी तेव्हाच म्हटलं, एवढा बारीक टाका आपल्या दोन्ही घरांत मिळून एकच बाई घालते. कात्री लावायला जीव होत नव्हता, पण लावली. आठ वर्षं झाली आपल्या पोरांच्या लग्नाला, आणि तुम्ही मला काही पाठवलंत ते हे पहिल्यांदा. मी नर्सबाईंना आवरण दाखवलं, पोस्टमनला दाखवलं, चष्मेवाल्यालाही दाखवलं असतं, पण त्याच्यावर राग आहे.

आता घरच्या माणसासारखं खरं सांगते, मनावर घेऊ नका. कुकीज टणक होत्या. कौलासारख्या. एक चहात बुडवून ठेवली, नर्सबाईंच्या बदलीची सगळी कथा ऐकली, तेव्हा कुठे तिने दाताला वाट दिली. आणि तुमच्या हातून वर मीठ सांडलं होतं. होतं असं वयोमानाने. मी बोटाने झटकून टाकलं. दुसरं म्हणजे ते चॉकलेटचे बाजारी दाणे. शेळीच्या लेंड्या बऱ्या, इतके एकसारखे. मी चॉकलेटची वडी आणते आणि सुरीने फोडते. एखाद्या घासात दांडगा तुकडा येतो, एखाद्यात नुसता चुरा. पोरं शोधत शोधत खातात. लोणी मी वितळवूनच घेते, मऊ व्हायची वाट कोण बघत बसतो. अक्रोड हात सैल सोडून. माप म्हणजे माझा कान तुटलेला कप. त्याच्यावर माझा माझ्या मुलापेक्षा जास्त भरवसा.

महिन्या-दीड महिन्याने मी मुंगीला लाल डबा भरून पाठवते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आपली नात मुंगी खरीच मुंगी, साखरेचा कण कुठे आहे ते तिला झोपेत कळतं. मला तिकडे बोलवत नाहीत. घर लहान, दोघांच्या शिफ्टा, "आई, मोठं घर घेतलं की ये." तोवर मी जात नाही, माझा डबा जातो. मुंगीने झाकण काढलं की मी तिच्या शेजारी बसले, असं मी धरून चालते. दुसरं काय आहे माझं त्या घरात?

तर पुन्हा एकदा आभार. पुढच्या वेळी मीठ जपून.

तुमची,
मुंगीची बाबांकडची आजी


९ जानेवारी

विहीणबाई,

तो डबा मी तुम्हाला पाठवला नव्हता.

तो माझ्या मुलीसाठी आणि नातीसाठी होता. मी तो डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या घरी पोचता केला. तुमच्याकडे तो जानेवारीत कसा आला, हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही.

मीठ सांडलेलं नव्हतं. मी घातलं होतं. प्रत्येक कुकीवर, चिमटीने, मधोमध. सगळं आयुष्य मी गणवेशांच्या कारखान्यात शिवणयंत्रांवर मुकादम होते. माझ्या हातून धाग्याचा तुकडा सांडला नाही, मीठ काय सांडणार? तुम्ही जे झटकलंत तीच माझी कुकी होती. उरलं ते पीठ.

टणक होत्या, कारण शिळ्या होत्या. महिनाभर ठेवलं तर माणूससुद्धा टणक होतो.

शेळीबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याला मी उत्तर देत नाही.

आता स्पष्ट विचारते. तुम्हीच मुलाला सांगून तो डबा तिथून उचलून आणवलात ना? मुंगीच्या तोंडी माझ्या हातचं लागू नये म्हणून? मला संशय फार दिवसांपासून होता. मुलगी फोनवर म्हणते, "आई, सासूबाईंनी पण पाठवल्यात." त्या "पण"मध्ये मला सगळं ऐकू येतं. माझे दोन्ही कान चांगले आहेत.

डबा आणि आवरण परत पाठवा. आवरण धुऊ नका, तुम्ही ते गरम पाण्यात घालाल.

मुंगीची आईकडची आजी


१५ जानेवारी

अहो विहीणबाई,

चोर? मी? तुमचं पत्र नर्सबाईंनी वाचून दाखवलं, कारण चष्म्याची दांडी पुन्हा निघाली. त्या वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, "आजी, पुढचं वाचू का?" मी म्हटलं वाचा, वाचा, सगळं वाचा, तोंड उघडून वाचा! माझ्या ओव्हनमध्ये तेव्हा कुकीज होत्या. तुमच्या पायी त्या करपल्या. एरवी खालून नुसता रंग येतो, या वेळी कोळसा झाला.

मी लोकांच्या लेकीसुनांचे डबे पळवून खाणारी बाई असते तर आज अशी वाळलेली दिसले असते का? तुमच्या त्या कौलांसाठी मी माझ्या पोराला हेर करून पाठवीन? अहो, मी तुमचं कौतुक केलं! कधी नव्हे ते केलं! पोस्टमनसमोर केलं! ते सगळं मी परत घेते. टाका बारीक आहे एवढं राहू देते, कारण ते खरं आहे.

आणि ऐका. काल भांडी घासताना तुम्हाला मनातल्या मनात चांगली झोडपत होते, तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. आवरण मी उसवलं. मी. म्हणजे माझ्या आधी कुणी उसवलं नव्हतं. तुमचा डबा महिनाभर त्या घरात होता आणि तुमच्या पोटच्या लेकीने त्याचा एक टाकासुद्धा काढला नाही! तुमच्याच माणसांना तुमच्या खारट कुकीज नको झाल्यात आणि खापर माझ्या डोक्यावर. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून.

माझं विचाराल, तर मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तुझ्या मस्त झाल्या होत्या, दोन दिवसांत फडशा पाडला." हे मला उजव्या कानाने लख्ख ऐकू आलं. आता लाल डबा अजून परत आलेला नाही खरा. मुंगी त्याच्या तळाशी बोटं फिरवत बसली असेल.

निळा डबा पाठवते आहे. रिकामा आहे. मी सगळ्या खाल्ल्या, रागारागाने खाल्ल्या, कारण अन्न टाकायची मला सवय नाही. आवरण गरम पाण्यात घातलं. मुद्दाम.

पुढे काही लिहायचं असेल तर आधी तुमच्या लेकीच्या घरी जाऊन डोळ्यांनी बघा आणि मग लिहा.

आजी


२४ जानेवारी

विहीणबाई,

आवरण आटलं. तो हिशेब वेगळा.

तुम्ही म्हणालात बघा, म्हणून मी गेले. न कळवता गेले. कळवून गेलं की माणसं घर आवरतात.

दार मुंगीने उघडलं. शेजारच्या बाई तिच्याजवळ थांबल्या होत्या, मला बघून घरी गेल्या. हातात दुकानातला बिस्किटांचा पुडा होता. आत झोपायच्या खोलीत कपाटावर, सूटकेसच्या मागे, तुमचा लाल डबा होता. तुम्ही झाकणाला ती दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावता ना, ती जशीच्या तशी आहे. तिचं एक टोकही सुटलेलं नाही. शेजारी धुळीत एक स्वच्छ चौकोन होता. तो माझ्या डब्याचा. जावईबापूंना तुमचा डबा वाटेत रिकामा करून तुम्हाला परत करायचा होता. लिफ्टच्या घाईत हात वर घातला, हाताला चौकोनी लागला, तोच न बघता पिशवीत टाकला आणि रिकामा करायचंही राहिलं.

मी स्टूल घेऊन तुमचा डबा खाली काढत होते. मुंगी म्हणाली, "आजी, त्याला हात नको लावूस, लागेल. बाबा म्हणतात त्यात खिळे आहेत."

मी म्हटलं, "खिळे?"

"हो. लिफ्टचे." मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "पण त्या खिळ्यांना चॉकलेटचा वास येतो. मी रोज स्टुलावर चढून घेते."

विहीणबाई, मी त्या खोलीत थोडा वेळ पलंगावर बसले.

मग मुलगी कामावरून आली. दिवसभर लोकांचं रक्त काढून काचेत बघणारी माझी मुलगी डबा बघून पांढरी पडली. मी विचारलं, "हे काय आहे?"

"आई, तू ओरडू नकोस."

"मी ओरडत नाही. मी कारखान्यात ओरडत होते. हे बोलणं आहे. कधीपासून आमचे डबे वर चढतात?"

"उन्हाळ्यापासून. परत द्यायची वेळ आली की बाहेर रिकामे करतो. त्याआधीचे मी लॅबमध्ये वाटायचे, तो वर्कशॉपमध्ये वाटायचा."

तेवढ्यात जावईबापू आले. मला बघून चप्पल काढावी की घालावी हे त्यांना सुचेना. मग दोघं एकदम बोलू लागले. त्यातून मला कळलं ते असं. एकदा दोन्ही डबे एकाच दिवशी आले. मुंगीने शाळेत कुणाच्या न्यायच्या यावरून सुरुवात झाली. मुलगी म्हणाली, तुझ्या आईच्या खालून जळक्या असतात. ते म्हणाले, तुझ्या आईच्या खाल्ल्या की घोटभर पाणी प्यावं लागतं. मग कुकीज बाजूला राहिल्या आणि दोन्ही आया निघाल्या. आठवडाभर त्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. शेवटी त्यांनी तह केला. दोघींचे डबे वर, कुणाचाच उघडायचा नाही, आणि पोरीला दुकानातला पुडा.

"जळक्या" हे मला पटलं. पण तिथे मी तसं बोलले नाही, हे तुमच्या माहितीसाठी. तुमचा लाल डबा मी येताना बरोबर घेऊन आले.

संशयाबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते. मिठाबद्दलचं नाही.

मुंगीची आईकडची आजी


३० जानेवारी

विहीणबाई,

खिळे!

मी पत्र वाचलं, उठले, बसले, पुन्हा उठले. खिळे म्हणे! ज्या पोराला मी भरवताना एकेक घास फुंकून दिला, तो माझ्या हातच्या खाऊला खिळे म्हणतो? आणि वर "फडशा पाडला" असं त्याच तोंडाने सांगतो? घरोघरी पोरं आईशी खोटं बोलतात, मला माहीत आहे, मीही बोलले आहे. पण त्या चिमुरडीने स्टुलावर चढून पत्र्याचा वास घ्यायचा आणि या दोघांनी शांततेत पुडा फोडायचा? दोघांचं भांडण नको म्हणून आपल्या दोघींना कपाटावर चढवलं. सूटकेसच्या मागे. माणूस मेल्यावर फोटो तरी समोर लावतात!

त्याचा फोन आला होता. "आई, ऐक ना, तसं नव्हतं," म्हणत होता. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही, आणि ठेवून दिला. उजवा कान होता.

तुमच्यावरही राग आहे, तो गेलेला नाही, फक्त थोडा वेळ बाजूला ठेवला आहे, मोठं पातेलं आधी उतरवावं लागतं म्हणून. तुम्ही पलंगावर बसलात असं लिहिलंत ना, तिथे मी पुन्हा पुन्हा थांबते. मला वाटायचं, तुम्हाला असं काही होत नसेल.

आता नुसतं चरफडून काय होणार. मी म्हणते, एकच डबा जाऊ द्या. दोघींनी मिळून भरलेला. मग बघू कोण कुणाच्या आईला काय म्हणतो ते. तुमचा ओव्हन मोठा आहे ना? बोलवा मला. कान तुटलेला कप घेऊन येते.

पण मीठ घालणार असाल तर मी येत नाही.

आजी


५ फेब्रुवारी

विहीणबाई,

या. मीठ नाही. मग अक्रोडही नाहीत, माझ्या कवळीत अडकतात. चॉकलेट तुमच्या पद्धतीने फोडू, पण सुरी मी धरीन. लोणी वितळवायचं नाही.

ओव्हनसमोर मी उभी राहणार. तुम्ही पत्र वाचत बसता.

कप आणा.

मुंगीची आईकडची आजी


१६ फेब्रुवारी

चिरंजीव आणि सुनबाई यांस,
(तुझ्या आईचं म्हणणं, "मुलगी आणि जावई यांस" असं लिहायचं. लिहिलं.)

हे पत्र आम्ही दोघी मिळून लिहीत आहोत. लेखणी माझ्या हातात आहे आणि ही माझ्या खांद्यावरून शुद्धलेखन बघते आहे. मुंगीला समोर बसवा आणि मोठ्याने वाचून दाखवा. एक शब्द गाळायचा नाही. गाळलात तर आम्हाला कळेल, कारण तिला आम्ही नंतर विचारणार.

मुंगे, ऐक. त्या डब्यात खिळे नव्हते. तुझं नाक शहाणं आहे. तुझे आईबाप शिकलेले आहेत.

आता तुम्ही दोघं. आम्ही इथे तीन दिवस भांडतो आहोत. पहिल्या दिवशी लोण्यावरून. ती म्हणे घोटायचं, मी म्हणे वितळवायचं, दोघी बोलत राहिलो आणि तेवढ्यात ते खिडकीतल्या उन्हाने आपोआप वितळलं. ते माझ्या बाजूने झालं. दुसऱ्या दिवशी माझ्या कपावरून. ती शिंप्याची फूटपट्टी कपात घालून मापत होती. तिसऱ्या दिवशी इतकं वाजलं की तिची खालची भाडेकरीण वर आली आणि म्हणाली, "काही झालंय का?" आम्ही दोघी एकदम म्हणालो, "तुम्ही खाली जा." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, ही बाई आपल्याला आधी भेटली असती तर बरं झालं असतं.

पण या तीन दिवसांत आम्ही तुमची नावं घेऊन एकमेकींना मारलं नाही. तुम्ही आमची नावं घेऊन तेच करत होतात. भांडण तुमचं, तुमच्या थकव्याचं, तुमच्या पाळीपाळीने रिकाम्या घराचं. त्यात आम्हाला कशाला ओढता? आणि ओढलंत तर निदान जेवायला तरी बोलवा.

लाल डब्यात कुकीज आहेत. कुणी काय केलं ते सांगणार नाही. कुणाच्या हाताला कुठली चव आहे हे विचारलंत तर दोघी खोटं बोलू, आणि आम्ही तुमच्यापेक्षा चांगलं बोलतो.

अट एकच. डबा रिकामा परत आला पाहिजे. लॅबमध्ये वाटायचा नाही, वर्कशॉपमध्ये वाटायचा नाही, कपाटावर चढवायचा नाही. त्यात एक जरी कुकी उरून आली तरी आम्ही दोघी तुमच्याकडे राहायला येऊ. एकत्र. एकाच खोलीत. ती घोरते, मला ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं जमेल. तुमचं तुम्ही बघा.

दोघी आज्या

(शुद्धलेखन मी तपासलं आहे. तरी चुका राहिल्या. त्या हिच्या.)


२५ फेब्रुवारी

आई आणि आई,

पत्र वाचलं. मोठ्याने वाचलं. मुंगीने "शिकलेले आहेत" याच्यावर टाळ्या वाजवल्या.

आता माझंही ऐका, कारण मलाही राग आहे. आम्ही दिवसभर राबून घरी येतो आणि स्वयंपाकघरात डबा कोर्ट भरवून बसलेला असतो. आई, तू म्हणणार, "आधी माझ्या उघड." आई, तुम्ही याला फोनवर म्हणणार, "त्यांच्याबरोबर एका ताटलीत ठेवू नका, वास लागतो." आम्ही एक घास खाल्ला की कुणाचातरी कौल लागायचा. म्हणून वर ठेवले. खिळे म्हणायला नको होतं. ते याचं डोकं. पण स्टूल मी तिथेच राहू दिलं, हे माझं.

तुमची अट पाळली आहे. कुकीज घरातल्याच माणसांनी खाल्ल्या. चव कुणाची ते आम्ही ओळखायचा प्रयत्न केला नाही. डबा धुऊन, पुसून, रिकामा करून पाठवतो आहोत. आता तरी दोघी शांत बसा.

तुमची मुलगी, आणि तुमची सून

ता. क. आई, मी लिफ्टवाला. त्या कुकीज खालून जळक्या नव्हत्या. म्हणजे एरवी असतात असं नाही.


७ मार्च

विहीणबाई,

घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

लाल डबा आला. त्यांच्या पत्राबरोबरच आला. पत्र वाचलं आणि माझं डोकं असं भडकलं की काय सांगू. "रिकामा करून पाठवतो. शांत बसा." बघा, बघा. माझ्या पोराने लहानपणी जेवणाचं ताट कधी वेळेत संपवलं नाही, आणि आता अख्खा डबा चाटूनपुसून साफ! का? आवडल्या म्हणून? अहो कसल्या आवडल्या! आपण दोघी त्यांच्या दारात उभ्या राहू नये म्हणून खाल्ल्या. औषधासारख्या नाक दाबून खाल्ल्या असतील. आपणच त्यांना वाट करून दिली. अट घालायची तर उलटी घालायची होती! तुम्ही एवढी वर्षं बायकांवर मुकादमी केलीत, तुम्हाला कळायला नको? मला नाही कळलं ते मी चौथी शिकलेली म्हणून.

आणि ते ताटलीचं. वास लागतो, असं मी म्हटलं होतं, हो. लागतोच. पण ते फोनवर मुलाला म्हटलं होतं, सुनेला पत्रात घालायला नाही. तुम्ही "आधी माझ्या उघड" म्हणत होतात हे मला आत्ता कळलं. शाबास. मी एवढं उघड म्हणायची हिंमत केली नव्हती.

तर मी डबा उघडलासुद्धा नाही. पार्सलचा कागद फाडला आणि तसाच माझ्या कपाटावर टाकला, सूटकेसच्या मागे. म्हटलं, जा, तुझी जागा तीच. नर्सबाई म्हणाल्या, "आजी, निदान पुसून तरी ठेवा." मी म्हटलं, सुनेने पुसलाय, ती लॅबमध्ये शिकली आहे.

आज सकाळी मुंगीची आठवण झाली. आठवण म्हणजे काय, रोजच असते, पण आज नर्सबाईंच्या भाचीने दारात उड्या मारल्या आणि मला सहन होईना. वाटलं, पुन्हा करावा एक घाणा. पाठवायला नाही, नुसता घरात वास तरी यावा. म्हणून स्टुलावर चढले आणि डबा ओढला.

आत काहीतरी वाजलं.

रिकामा डबा वाजतो कसा, मला सांगा. मी कानाशी धरून हलवला. आधी डाव्या, मग लक्षात आलं, मग उजव्या. खट्ट. पुन्हा हलवला. खट्ट. मला वाटलं, या माणसाने आता खरंच खिळा घातला की काय!

झाकण काढलं. डबा लखलखीत, धुतलेला, पुसलेला. आणि तळाशी एक लहान मोजा. पिवळा. त्याला वर गाठ मारलेली, वाकडीतिकडी, दातांनी ओढलेली. तुम्ही बघितली असती तर तुमच्या डोळ्यांना त्रास झाला असता. मी सोडवली. मला पाऊण तास लागला, कारण दिसत नव्हतं, आणि चष्म्याचा काही दोष नव्हता.

आत एक कुकी. कौलासारखी टणक झालेली. एका कडेने कुरतडलेली, मुंगीने कुरतडावी तेवढीच, त्याच्या पुढे तिने दात आवरले. विहीणबाई, त्या पोरीने पत्र ऐकलं होतं. शब्दन् शब्द. आईबाप डबा पुसत होते आणि ही मोजा काढून उभी असेल.

मी पलंगावर बसले. मग तुम्ही आठवलात आणि उठले, कारण बसून चालणार नाही.

नियम म्हणजे नियम. एक कुकी उरली आहे, ती माझ्यासमोर टेबलावर आहे, नर्सबाई साक्षीला आहेत. त्या दोघांना मी काही कळवणार नाही. कळवून गेलं की माणसं घर आवरतात, हे तुमचंच म्हणणं. शनिवारी सकाळच्या गाडीला मी असेन, तुमच्या स्टेशनवर डब्याच्या दारात उभी राहते, हात हलवते, तुम्ही हाका मारू नका, मला ऐकू येणार नाही. बॅग मोठी घ्या. लोण्यावरून तिथे जाऊन भांडू, त्यांच्या ओव्हनसमोर, त्यांच्या अंगावर पीठ उडवून.

कप मी आणते. मोजा मी आणते, धुतलेला नाही.

मीठ तुम्ही आणा.

आजी